बायडाबाईच्या फ्रीजला टेकू नका

...न्हाई हो, तसं न्हाई, बसा की! उन्हाचं आलात बीडहून, पाणी आणतेच मी, फक्त ताई तुमी जरा इकडं सरका, त्या फ्रीजला टेकू नका, त्यो बायडाबाईचा हाय. आन दादा, तुमी टोपी ठेवली ना, त्यो हरिबाचा. खोकं दबतंय हो! उद्या यील आन म्हणंल, मनिषावैनीनं माजा फ्रीज वापरला! आता तुमी म्हणाल, हे घर हाय का गोडाऊन? मलाबी हेच इचारायचंय, पण इचारायचं कुणाला? दारामागं दोन, न्हाणीच्या तोंडाला एक, देवापुढं तीन... सकाळी उदबत्ती ओवाळायला जावं तर आधी फ्रीजला ओवाळली जाती, मंग देवाला! आमची आरोही आठवीला हाय, तिचा अभ्यास फ्रीजवर आन झोप दोन फ्रीजच्या मधी. अकरा हायत, अकरा! आन हे सगळं कावून झालं? आमच्या ह्यांच्या एका वाक्यानं. "ऱ्हाऊ द्या की, आपलंच दुकान हाय!"

थांबा, पाणी आणते, पण आधी हे ऐका, न्हाई तर मधीच राहून जाईल.

आमचे हे, म्हणजे त्रिंबकराव, तुमाला म्हाईतच हाय, पाण्याच्या जळक्या मोटारी तारा भरून द्यायचे, पंखे दुरुस्त करायचे. इथंच शिरूरला, स्टँडच्या मागं पत्र्याचं दुकान. हात काळे, पण डोकं शांत. मंग एक दिवस पुण्याहून साहेब आले. बूट असे की वाकून भांग पाडावा! म्हणले, "त्रिंबकराव, किती दिवस हात काळे करणार? 'लखलख होम मार्ट'ची फ्रँचाइझी घ्या. बोर्ड आमचा, माल आमचा, नाव आमचं. तुम्ही फक्त हसायचं." फक्त हसायचं! तुमाला सांगते, आमच्या ह्या माणसाला जल्मात पहिल्यांदा कुणीतरी हसायचं काम दिलं, ते काय न्हाई म्हणतेत व्हय? सुंदरराव पुढाऱ्यांनी लगेच गाळा भाड्यानं दिला, फीतबी त्यांनीच कापली, भाषणात म्हणले, "आज आपलं शिरूर पुण्याच्या पुढं गेलं!" आन खाली उतरून ह्यांच्या कानात, "काय बे त्रिंबक, माज्या घरच्या एसीचं बघ जरा."

खोटं कशाला बोलू, मलाबी लई आनंद झालता. पहिलं गिऱ्हाईक घरचंच पाहिजे म्हणून ह्यांनी मलाच उभं केलं, आन मरून रंगाचा, फुलाफुलाचा फ्रीज माज्या नावानं निघाला. माजा! लग्नापासून मी दूध दोन-दोनदा तापवलंय, उन्हाळ्यात कणीक आंबली म्हणून रडलेय मी. त्या दिवशी राती मी उगाच चारदा दार उघडून बघितलं, आतला दिवा लागतो का म्हणून.

मंग सुरू झाले कंपनीचे नियम. ह्यांना पिवळा टी-शर्ट, छातीवर दात काढलेला सूर्य. दारात माणूस आला की हात जोडून म्हणायचं, "नमस्कार! लखलख परिवारात आपलं मनापासून स्वागत आहे!" आता गावात ह्यांना कोण वळखत न्हाई? सख्खा मामा आला तरी, "लखलख परिवारात आपलं मनापासून..." मामा म्हणला, "येडा झालास काय रे? मी तुज्या बारशाला होतो!" एकजण नुसतं पाथर्डीची गाडी गेली का इचारायला आलता, त्याचंबी स्वागत! त्यो बिचारा घाबरून मिक्सर घिऊन गेला. आन एसी सदा चालूच ठेवायचा म्हणे. लाईट तर असाय पाहिजे ना? लाईट गेली की हे पुठ्ठ्यानं वारा घालायचे गिऱ्हाइकाला, पण हसून!

तरी चाललं बरं का. लखलख बीडला निघालं, माजलगावला निघालं, तेलगावला ऊसवाल्यांनी उद्घाटनालाच रांग लावली, मंग एक दिवस कळलं, पालीला निघालं. पालीला! पालीचा माणूस बीडला पायी जाऊन येतोय, त्याला पालीत दुकान कशाला? मी म्हणलं ह्यांना, हे काय खरं न्हाई. हे म्हणले, "मोठी कंपनी हाय, त्यांना कळत असंल."

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडं दसऱ्याच्या आसपास काय होतंय? मुकादमाकडून ऊसतोडीची उचल हातात पडती आन निम्मं शिरूर कोयता घिऊन कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकात. पैसा हातात हाय तवरच वस्तू घ्यायची, न्हाई तर त्यो कुठं जातोय ते देवालाबी कळत न्हाई. आली बायडाबाई. आत आली, एकेका फ्रीजमधी हात घालून बघितला, आन दारातल्या डिस्प्लेच्या फ्रीजपाशी थांबली. "भाऊ, मला ह्योच पाहिजे. ह्यो गार हाय. बाकीचे समदे गरम हायत!" हे म्हणले, "अगं बाई, ह्याची वायर लावलीय म्हणून ह्यो गार. बाकीचेबी लावले की गार होतेत." ती म्हणली, "लावल्यावर कुणीबी गार हुईल, मला झालेलाच द्या!" आता डिस्प्लेचा नग इकायचा न्हाई, कंपनीचा नियम. पण ती बसली तिथंच फतकल मारून. मंग ह्यांनी दिला. कंपनीला फोन करून सांगितलं, दुसरा पाठवा. कंपनी म्हणली, पाठवतो.

तिनं नारळ फोडला, फ्रीजवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद लावली, पाया पडली आन म्हणली, "भाऊ, आता उद्या आमी ऊसाला. घराला कुलूप. उंदरं वायर खातेत. पाडव्याला येते, तवर इथंच..." आन आमचे हे, हसून, "ऱ्हाऊ द्या की, आपलंच दुकान हाय!" झालं! हे वाक्य गावात वाऱ्यासारखं गेलं. हरिबा आला, घेतला, नारळ फोडला, ठेवला. त्याच्या मागं त्याचा मेहुणा. मेहुण्याच्या मागं सगळी टोळी! दुकानात नारळाच्या करवंट्या इतक्या, की नवा माणूस देऊळ समजून चपला बाहेर काढायला लागला.

तेवढ्यात बुटवाले साहेब तपासणीला आले. दुकान गच्च भरलेलं बघून ह्यांना मिठीच मारली. "वा त्रिंबकराव! काय स्टॉक आहे! सगळ्या शाखा रिकाम्या पडत चालल्यात आणि तुमची फुललीय!" अवो, ती फुललेली न्हाई, इकलेली हाय! हे सांगायला तोंड उघडायलेत, तवर साहेबांनी फोटो काढून पुण्याला धाडला, आठ दिवसांत 'उत्कृष्ट मांडणी' म्हणून काचेची बाहुली आली. ती बघा, हरिबाच्या फ्रीजवर हाय. जाता जाता साहेब म्हणले, "वहिनी, फक्त हे लाल डाग तेवढे पुसून घ्या. नव्या मालावर बरं दिसत नाही." आन मी येडी, मला वाटलं साहेबाचा मान ठेवावा. ओलं फडकं घेतलं आन सगळ्यांचं कुंकू पुसलं! कोणता कुणाचा, काय खूणच राहिली न्हाई.

मंग उतरती कळा लागली. लोकं दुकानात यायची, हात लावून बघायची, आन बाहेर जाऊन मोबाईलवर मागवायची. वर आमच्याकडंच यायची, "भाऊ, पार्सल आलंय, जरा जोडून द्या!" आन हे जोडून द्यायचे! पाली बंद. तेलगाव बंद. कंपनीला फोन लावला की बाई म्हणायची, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मंग तीबी बंद झाली. एक दिवस टीव्हीत खाली पट्टी आली, लखलखनं दुकानं गुंडाळली. ती टीव्ही दुकानातलीच, म्हणून ह्यांनी आवाज बारीक केला. गिऱ्हाइकानं ऐकू नये म्हणून. गिऱ्हाईक कुठं होतं?

आन मंग आला ट्रक. सगळ्यात मोठा ट्रक पहिला कुठं पाठवला? शिरूरला! कावून? तर फोटोत लई माल दिसतोय! बुटवाल्या साहेबांचा फोन बंद, हे दुसरेच साहेब, चष्मेवाले. म्हणले, "फ्लोअरवर जे आहे ते सगळं कंपनीचं. भरा रे." हे आडवे झाले. "साहेब, हे इकलेलं हाय. गरिबाचं हाय." "बिलं दाखवा." "बिलं तुमच्या कॉम्प्युटरमधी हायत." "कॉम्प्युटर बंद झालाय." "मंग?" "मग भरा रे!" तुमाला सांगते, मी ह्या माणसाचं तोंड कवा असं बघितलं न्हवतं. हसायचं तर पार इसरले. म्हणले, "मनिषा, बायडीला काय तोंड दाखवू?"

मंग ह्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडं ऊसाचा फड, पाचटाची धूळ, बायडाबाईच्या हातात कोयता, पाठीमागं सगळी टोळी गोळा झाली. एकेकजण वरडायला लागला, "माज्या खोक्याला खाली भोक हाय, पोरानं बोट घातलंय!" "माजं तिरकं बांधलेलं!" "माज्यावर तंबाखू सांडलीय, बघा हुंगून!" आन साहेबांनी खरंच हुंगलं हो! धाच्या धा खोकी बरोबर निघाली. बायडाबाई साहेबांना बघून म्हणती, "भाऊ, नवा माणूस ठेवला का दुकानात? बरं केलं. ए दादा, रोज धूळ पुसत जा बरं, मला गार लागतोय त्यो!" चष्मेवाल्या साहेबांनी ट्रक भरणाऱ्या पोरांना थांबवलं. माणूस वाईट न्हवता. म्हणले, "ठीक आहे, ही खोकी राहू द्या. पण माझ्या कागदावर डिस्प्लेचा एक फ्रीज आहे, तो नेल्याशिवाय मला जाता येणार नाही." आन बोट ठेवलं... बायडाबाईच्या फ्रीजवर! कंपनीनं दुसरा पाठवलाच न्हवता ना! पलीकडून ती इचारायली, "काय म्हणायलेत ते? भाऊ? हाय ना माजा जाग्यावर?" हे म्हणले, "हाय की! रेंज जायलीय तुजी," आन फोन ठेवला.

तिथून घरी आले. माज्याकडं बघितलं न्हाई. सरळ सैपाकघरात गेले आन माज्या फ्रीजची वायर काढली. मला कळलं. दही काढलं, कणीक काढली, आरोहीनं पेल्यात साखरपाणी घालून कुल्फी लावलती ती काढली, हे सगळं वट्यावर मांडलं आन मी भिताडाकडं तोंड करून हुबी राहिले. लई वाईट वाटलं हो. भांडायचं हुतं मला. पण भांडू कुणाशी? ज्याच्याशी भांडायचं त्योच डोळं पुसत वायर गुंडाळायलता. मरून रंग, फुलाफुलाचा, बायडाबाईच्या फ्रीजचंच मॉडेल. साहेबांनी मोजला, भरला, गेला ट्रक.

दुसऱ्याच दिवशी सुंदरराव, "काय बे त्रिंबक, गाळा मोकळा कर, मोबाईलवाला यायलाय." मंग सगळी वरात आली घरात. हे परत मोटारी भरायलेत. मी म्हणलं, अवो, एक तरी फ्रीज लावू, पोरीला गार पाणी तरी मिळंल. तर काय म्हणावं ह्यांनी? "मनिषा, ती तिकडं ऊस तोडायली. तिच्या फ्रीजमधलं पहिलं गार पाणी आपुन प्यायचं का?" आता ह्याला तुमी काय बोलणार?

म्हणलं, पाडवा तोंडावर हाय, सुटका हुईल. तर काल बायडाबाईचा फोन. "भाऊ, कारखाना लांबलाय, पाडव्याला काय येणं हुईना. आन हिकडं वाशिंग मशीन स्वस्तात घावलीय, आमी चौघीजणींनी घेतलीय एकेक, टेम्पोत धाडू का?" मी हातानं न्हाई न्हाई करायले, डोळे मोठे करायले, पदर वडायले ह्यांचा... आन आमचे हे, हसून, "ऱ्हाऊ द्या की, आपलंच घर हाय!"

अगबाई, पाणी राहिलंच की! घ्या, घ्या... काय हो दादा? तोंड कावून वाकडं केलं? कोमट लागलं? लागणारच की. माठ बाहेर उन्हात ठेवलाय. घरात जागा कुठंय? फ्रीज हायत ना!