मानेतला जास्तीचा पट्टा

ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघून बघून डोळे शिणले, तशी शिंप्याची बायको चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मागे दोन सर्जन येऊन थांबले, एक पिकल्या केसांचे आणि एक तरुण मुलगी.

"सर, चुकलंच ना आपलं."

"चुकलं. स्कॅनमध्ये गाठ दिसली, आपण गाठच धरून चाललो."

"मानेत असा जास्तीचा स्नायू मी कधी पाहिलाच नव्हता."

"मी पाहिलाय, तरी फसलो. शेकड्यात दोघा-तिघांना असतो, जन्मापासून. त्रास काही नाही त्याचा."

"गाठ समजून कापला असता तर?"

"शेजारूनच खांदा उचलणारी नस जाते. ती गेली असती, तर शिंप्याचा हात गेला असता. म्हणून सांगतो, मान उघडली की पुस्तक बाजूला ठेव, समोरचा माणूस बघ."

"म्हणजे काकांना काहीच झालेलं नव्हतं."

"काही नाही. कॅन्सर म्हणून घरादाराचा जीव मात्र टांगणीला लावला आपण."

"बायकोला कोण सांगणार?"

"मीच. बोलणी खायची ती मी खातो. आधी घोटभर चहा जाऊ दे पोटात, उभं राहवत नाही."

"भूल देताना काका म्हणाले, टाके बारीक घाला. बायको उसवून बघेल."

रांग सरकली. तिचा नंबर आला.

"तीन द्या," ती चहावाल्याला म्हणाली. मग पदराने डोळे पुसून मागे वळली.

"घातलेत ना बारीक?"