फाटलेलं नाही, उसवलेलं

मार, मार लाथ. सगळेच मारतात. टायरला लाथ घालून गाडीचं काय कळतं ते मला बत्तीस वर्षांत कळलेलं नाही, पण गिऱ्हाईक आवारात शिरलं की आधी लाथच — जे उलटून मारत नाही त्याला लाथ घालायला सगळे शूर. झालं समाधान? आता इकडे ये, या पांढरीकडे. त्या निळीकडे वळून वळून बघू नकोस, मान लचकेल. माहितीये मला, सकाळी दादाबरोबर चक्कर मारून आलीस तिच्यात, उतरलीस तेव्हा दात आत जात नव्हते तुझे. दादा म्हणजे आत गेलाय तो, कागद शोधायला — आवार त्याचं, माझा सख्खा थोरला भाऊ. मी डेंटर. ठोकलेल्या गाड्या ठोकून सरळ करतो. विकायचं काम त्याचं, ठोकायचं माझं. आणि कागद कुठं ठेवलेत ते त्याला कधी सापडत नाही, अर्धा तास तरी लागेल, तेवढ्यात तुझ्या गळ्यात दुसरी कुठली तरी मारायचीय मला. — हसू नकोस. हसण्यासारखं काही बोललो नाही मी.

तर हे बघ. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस, शिकवण्या घेऊन साठवलेत, गाडी स्वस्त पाहिजे आणि वर चालवताना मजा आली पाहिजे — दादाला सगळं सांगत होतीस तेव्हा मी मागे हात धूत होतो, ऐकलं मी. मागणी वाईट नाही. लोक म्हणतात स्वस्त पाहिजे तर मजा कशाला — का? ज्याचा खिसा फाटका त्यानं काय रडत रडत गाडी चालवायची? पण मजा कशात असते ते आधी समजून घे. मोठ्या इंजिनात नसते. हलक्या गाडीत असते. ही पांढरी, इंजिन एवढंसं, पण अंगावर चरबी नाही, वळणावर टाकलीस की म्हणशील तिथं जाते. गियर खटकन बसतो, क्लच नवा. दिसायला डबा आहे, मान्य, पण डब्याला चोर हात लावत नाही आणि विमाही कमी बसतो. आता टायरवरून हात फिरव — लाथ नाही, हात. चारही सारखे झिजलेत ना? म्हणजे गाडी सरळ आहे, हिनं कधी मार खाल्लेला नाही. मार खाल्लेली गाडी पुन्हा सरळ चालत नाही, कितीही ठोका. माणसाचंही तेच. आमचा बाप आम्हाला फॅनबेल्टनं झोडायचा — दादाला कमी, मला जास्त, कारण दादा रडायचा आणि मी बापाकडे बघत राहायचो. जाऊ दे. बस हिच्यात. बसून तर बघ.

काय? निळी का नाही? अगं, ऑइल खाते ती. — धूर नव्हता? बरं, नव्हता. गियर अडकतो तिचा. — लोण्यासारखा होता. बरं. मग विकली गेलीय, एक डॉक्टर बयाणा देऊन गेलाय. — दीड वर्ष उभी आहे? दादा म्हणाला असं? त्याची जीभ! हो, उभी आहे दीड वर्ष. मी उभी ठेवलीय. गिऱ्हाईक फाटकाशी दिसलं की बॅटरीची तार सैल करतो, कधी हवा सोडतो, कधी सांगतो उंदरांनी वायरी खाल्ल्या. आज सकाळी मी भंगारवाल्याकडे गेलो आणि नेमकी तू आलीस. परत येतो तर तू तिच्यातून उतरतेयस, आणि दादा तुझ्यासाठी दार धरून उभा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

ऐक. मी शांतपणे सांगतोय. मी तापलेला बरा नसतो, या गल्लीत कुणालाही विचार. मागे एकजण इथं, तू उभी आहेस तिथंच, दादाला आईवरून बोलला. मी त्याचं डोकं त्याच्याच गाडीच्या दारात घातलं आणि दार लावलं. पूर्ण नाही लावलं, पूर्ण लावलं असतं तर आज मी इथं नसतो. कानाचा तुकडा राहिला त्याचा रबरात. दादाला कुणी हात लावलेला मला चालत नाही. दादाला मारायचं तर मी मारणार, दुसऱ्या कुणी नाही. — मागे काय सरकतेस? तुला नाही मारत. तू तर — तुला वाचवतोय गं मी, बये, आणि तू माझ्याकडे बघतेयस मी पिसाळलोय असं!

बरं, चल. चल निळीकडे, दाखवतोच. उघड दार. खाली वाक, पुढच्या सीटच्या मागचा गालिचा उचल — ओढ, चिकटवलाय नुसता. आता हा पत्रा. बोट फिरव. उंचवटा लागतो? या दारापासून त्या दारापर्यंत सलग जातो तो. तसाच दोन्ही खांबांतून वर चढतो आणि छतातून आरपार. छतावर पुट्टी भरलीय म्हणून दिसत नाही. कळलं का काय आहे ते? ही एक गाडी नाहीये. दोन आहेत. एकीचं तोंड फुटलं होतं, एकीचं बूड चेपलं होतं. दोघींचा धड भाग कापायचा, मधोमध जोडायचा, वरून रंग मारायचा. अर्ध्या किमतीत गाडी तयार, स्वस्तात मस्त. चालते झकास — चालतेच! मजा येते, तूच म्हणालीस. धडक बसेपर्यंत काही होत नाही. — कोण जोडतं? भूत जोडतं. मी जोडतो, दुसरं कोण! त्या उंचवट्यावर जो वेल्डिंगचा टाका आहे ना, बारीक, एकसारखा, तसा टाका टाकणारा या शहरात दुसरा नाही. अभिमान होता मला त्याचा.

हळू चालवीन म्हणतेस? तो पण हळूच चालवत होता. — कोण म्हणजे? शिंप्याचा पोरगा. तुझ्याच वयाचा, चित्रकला शिकायचा, बोटं कायम रंगलेली. बापाला घेऊन आला होता, पहिली गाडी, स्वस्त पाहिजे, चालवायला मजेशीर पाहिजे — शब्द न् शब्द तेच. पिवळी घेतली त्यानं. ती पण मीच जोडलेली. सात महिने चालवली. मग एका वळणावर दुभाजकाला लागली. मोठी धडक नव्हे, अशा धडकेत माणूस दात पाडून घेतो, बरगडी मोडतो आणि महिनाभर घरच्यांच्या शिव्या खातो. पण गाडी मधोमध सुटली. पुढचं तोंड दुभाजकाशी अडकलं, मागचा भाग गर्रकन फिरून आला त्याच्या अंगावर — तू नर्सिंगची, तुला सांगायला हरकत नाही — सीटसकट चिरडला तो, लगेच गेलाही नाही. ओरडत होता म्हणे. क्रेनवाल्यानं सांगितलं मला. पंचनाम्यात लिहिलं, भरधाव वेग. भरधाव! ठोकलेल्या गाड्या विकत घेतो आम्हीच, तेव्हा ती इथंच आली. क्रेननं दोन खेपा केल्या, एका गाडीच्या.

चौथ्या दिवशी शिंपी आला. कागदावर सही करायला, आणि दुसरी चावी द्यायला — घरी राहिली होती म्हणाला, तुम्हाला लागेल. कोण आणून देतं गं अशी चावी? पोरगं जाळून आलेला माणूस! दादानं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, फार वाईट झालं म्हणाला, हल्लीची पोरं वेगानं चालवतात म्हणाला. शिंप्यानं कप बाजूला ठेवला. उठला आणि त्या दोन तुकड्यांपाशी गेला. मी तिथंच होतो, पाना हातात. त्यानं चष्मा वर केला, त्या कडेवरून अंगठा फिरवला — या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, कापडावरून फिरवावा तसा. आणि मला म्हणाला, फाटलेलं कापड वेडंवाकडं फाटतं हो. हे सरळ गेलंय. हे फाटलेलं नाही, हे उसवलेलं आहे. एवढंच. शिवी नाही, आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मी सांगितलं, पत्रा जुना होता काका. पत्रा जुना होता! तोंडातून तेच आलं. तो मान हलवून गेला.

आणि तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, लाथ मारली पिवळीच्या डिकीला, आणि म्हणाला, मागचा भाग धड आहे रे, कामाला येईल.

जॅकचा दांडा होता तिथं. पहिला फटका कानावर बसला. कानावर बसावा असं ठरवलं नव्हतं मी, पण बसला तो तिथं. दुसरा खांद्यावर, हाड मोडल्याचा आवाज आला मला. मग तो खाली पडला तरी मी थांबलो नाही. बरगड्या, मांडी, हात — हात तर तो पुढं करत होता, दादा रे नको म्हणत होता मला. मला! दादा तो आणि मला दादा म्हणत होता. बाप मारायचा तेव्हा हाच मला पोटाशी धरून पाठ पुढं करायचा. सगळं आठवत होतं मारताना आणि तरी मारत होतो. शेजारच्या पंक्चरवाल्यानं मागून मिठी मारून मला ओढलं, नाहीतर संपवलाच असता. बरं वाटत होतं, खोटं का बोलू? शिंपी आल्यापासून छातीवर जे बसलं होतं ते प्रत्येक फटक्याला हलत होतं.

मग काय? मग काही नाही. तू विचारतेस चांगलं, मग पोलिसात का नाही गेलात. दादा म्हणाला जिन्यावरून पडलो. दीड महिना अंथरुणात, डाव्या कानानं आजही ऐकू येत नाही. आणि वहिनी आली माझ्याकडे. मला वाटलं, थोबाडीत मारेल, मी गाल पुढं करूनच उभा होतो. आई गेल्यावर त्या बाईनं मला वाढवलंय. ती म्हणाली, भावजी, दोघी पोरींच्या फिया भरायच्या आहेत, हे उठत नाहीत, आता तुम्हीच काय ते बघा. रागावली असती तर बरं झालं असतं. काय बघणार होतो मी? आवारात धड अशी एकही गाडी नव्हती. एक निळी होती, बूड चेपलेली. आणि पिवळीचा मागचा भाग होता.

हो. तेच. तू आत्ता जिथं बोट ठेवलंयस त्याच्या मागचं सगळं. मागची सीट, डिकी, सगळं. मागच्या दाराच्या आतल्या कडेला अजून पिवळा रंग आहे, खरवडून बघ. नको, नको बघूस. मी हे शुद्धीत केलंय, पोरी. मारामारी रागात झाली, राग आला आणि गेला. हे मी आठ दिवस रोज सकाळी येऊन, चष्मा लावून, नीट केलंय. आणि टाका पूर्वीइतकाच सुंदर घातलाय. शेवटचा टाका घातला आणि वरून गालिचा चिकटवला. तेव्हापासून बॅटरीची तार सैल करतोय. तेवढंच जमतंय मला. दादा हल्ली रोज म्हणतो, दीड वर्ष झालं, काढून टाकू या.

पोलिसात सांगेन म्हणतेस? सांग. पहिलं नाव माझं घाल, दादाचं नंतर. — रडतेस कशाला? तुझं काय गेलं त्यात? तू तर वाचलीस.

आला बघ. कागद सापडले आज लवकर. दादा — दादा, उजव्या बाजूनं ऐक, ही मुलगी गाडी घेत नाहीये. नाही घेत. मी सांगितलंय तिला सगळं. सगळं म्हणजे सगळं! बघ, गालिचा उघडा पडलाय. — ओरड, ओरड, गल्लीला ऐकू दे. मीठ कुणाचं खाल्लं मी? तुझंच खाल्लं. त्याच मिठानं इतकी वर्षं तोंड बंद होतं माझं. पोरी, त्यानं सहीला दिलेला तो पेन खाली ठेव. ठेव म्हणतो ना! आणि लांब सरक, ग्राइंडर चालू करतोय, ठिणग्या उडतील. मीच जोडली ना? मीच कापतो. टाक्यावरूनच कापतो, सरळ, म्हणजे कुणाला पुन्हा जोडता येणार नाही — येईल, मला येईल, पण मी जोडणार नाही. दादा, बाजूला हो. दादा, गाडीवर आडवा काय पडतोस, ग्राइंडरचं चाक फिरतंय! हात काढ. हात काढ तिथून, मी थांबणार नाही, तुला माहितीये मी थांबत नाही — पोरी, तू बघू नकोस. जा. फाटक ओढून घे.