सुलभाकाकूंच्या टॅबलेटमधले देव

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आपण जे जे जपून ठेवतो, ते सगळं भक्तीपोटीच ठेवतो का? लगेच माना डोलवू नका. आधी ऐका, मग डोलवा!

चिपळूणच्या अलीकडे एक गाव. तिथं सुलभाकाकू खांबेटे राहतात. एकट्या. लेक मैथिली कॅनडात. काकूंचा गळा असा, की गावात बारसं ठरलं की पाळणा म्हणायचं बोलावणं आधी त्यांना, मग आचाऱ्याला. आणि स्वतःची पहिली नात झाली ती सातासमुद्रापार! गुडघे असे की देवळाच्या पायऱ्या चढवेनात, विमान कुठलं?

मैथिली म्हणाली, "आई, रविवारी बारसं आहे. तू टॅबलेटवरून पाळणा म्हण. आपल्या घरातला. तो तुझ्याशिवाय कुणालाच येत नाही."

टॅबलेट होता घरात. साधा, स्वस्तातला. शुक्रवारी काकूंनी तालीम म्हणून फोन लावला. मैथिलीचा चेहरा आला, तोंड उघडलं — आणि तसंच उघडं राहिलं! पडदा थिजला. नात दिसायच्या आत सगळं काळं. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

 काकू तडक गेल्या समीर मुजावरच्या मोबाइलच्या दुकानात. टॅबलेट काउंटरवर आपटला म्हणवत नाही, ठेवला असंही म्हणवत नाही. मधलं काहीतरी केलं.

"समीर, दुकानातला सगळ्यात मोठा दाखव. आजच न्यायचाय."

आता सांगा, तुम्ही दुकानदार असता तर काय केलं असतं? हसू नका, मला ठाऊक आहे! पण ह्या माणसानं विचारलं, "काकू, तुम्ही ह्याच्यावर करता काय काय?"

"पंचांग बघते. भजनं ऐकते. लेकीशी बोलते."

"मग हा पुरे की. काकू, तुमचा स्वयंपाकाचा ओटा असतो ना, तशी ह्याची रॅम. एका वेळी जेवढं मांडून काम करायचं, तेवढी जागा. तुमच्या कामाला ह्याच्या चार जीबीत भागतं. लग्नाची पंगत उठवायची असती, तर म्हटलं असतं मोठा घ्या. आणि साठवण म्हणजे फडताळ. तुमचा ओटा ठीक आहे. फडताळ गच्च झालंय. काही ठेवायला जागा नाही म्हणून सगळंच अडतंय."

"माझ्या फडताळात काय असणार रे?"

समीरनं उघडून दाखवलं. मंडळी, काय निघालं असेल? देव! सोमवारचे शंकर, मंगळवारचे गणपती, गुरुवारचे दत्त, शनिवारचे मारुती. सुप्रभात म्हणून रोज आलेले, फुलांसकट, समईसकट. एकेक देव हजारदा! आलेला देव काकूंनी कधी पुसला नव्हता. कसा पुसणार? आपण जुनं कॅलेंडर तरी टाकतो का? देवाचं चित्र आहे म्हणून बारा वर्षं कपाटामागे उभं असतं!

"हे काढा, म्हणजे चालेल," समीर म्हणाला. "मोठा घेतलात तर तोही भरेल. उशिरा भरेल, एवढंच."

"तूच काढ."

"नको काकू. देव तुमचे, हात तुमचा. मी बटण दाखवतो."

आणि दाखवलं. बटणावर चित्र कसलं? कचऱ्याच्या डब्याचं! काकूंचं बोट हवेतच राहिलं.

"देव ह्यात टाकू? आणि पुसल्यावर जातात कुठं ते?"

समीर म्हणाला, "खरं सांगू? मलाही नीट सांगता येणार नाही. जागा मोकळी होते, एवढं बघितलंय."

काकू तशाच घरी आल्या. शनिवार गेला. डब्यापर्यंत बोट जाई आणि मागे येई. एकीकडे देव, एकीकडे नात. जिवाची नुसती कुतरओढ झाली हो त्यांच्या! रविवारी देवपूजा करताना हात थांबला. भाद्रपदात गणपती आणतो, दहा दिवस डोक्यावर घेतो, आणि अकराव्या दिवशी पाण्यात कोण सोडतं? आपणच ना! त्याला कुणी टाकणं म्हणतं का?

मग काकूंनी काय करावं? पाट मांडला. पाटावर टॅबलेट. अक्षता वाहिल्या, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला, पुनरागमनाय च म्हणून टॅबलेट उत्तरपूजेसारखा जरासा हलवला! आणि कुंकवाचं बोट त्या डब्याच्या चित्रावरच टेकवलं. डब्याला कुंकू लागलं, देव मार्गस्थ झाले. डोळे पुसले आणि समीरनं सांगितल्याप्रमाणे डबाही रिकामा केला.

इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. फोन लागला. पडदा थिजला नाही, काळा झाला नाही. टोपडं घातलेली चिमुकली नात दिसली आणि काकूंना पहिली ओळच सुचेना. आवाज फुटला तो मैथिलीनं "आई, म्हण ना" म्हटल्यावर. शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. नातीनं आजीकडे बघून मोठी जांभई दिली. काकूंना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. मलाही तसंच वाटतं.

मंडळी, त्या हजारो चित्रांतल्या एका तरी देवानं नातीची जागा मागितली होती का? धरून बसलो होतो आपण, आणि नाव देवाचं! आता कॅनडाकडे बघू नका, इकडे बघा. ही पुढच्या सतरंजीवर पिशवी कुणाची? कीर्तन सुरू झाल्यापासून मी बघतोय. कुणासाठी तरी जागा धरलीय, आणि ते कुणी आलेलं नाही. मागे खांबाला टेकून ते आजोबा तेवढा वेळ उभे आहेत. उचला ती पिशवी.

हं. या आजोबा, बसा. आता घ्या टाळ हातात, म्हणजे नाम घ्यायला आपण मोकळे.