मोहोरावर दिलेली कादंबरी

—नाही, लिहून झालंय. शेवटचं प्रकरण लिहून झालंय, मॅडम, ते खोटं नाही. खोटं आधीचं होतं, गणपतीत तुम्हाला मेल केला ना, ‘कादंबरी पूर्ण आहे, पहिली तीन प्रकरणं पाठवतोय’ — ते. तीनच होती. चौथ्याची दोन पानं. बसा तुम्ही, पंख्याखाली बसा, कमळा, माझी बायको, पन्हं आणत्येय. मुंबईहून पावसपर्यंत एवढ्या उन्हात याल असं मला वाटलं नव्हतं. फोन उचलत नव्हतो हे कबूल. मेलही बघत होतो, उत्तर देत नव्हतो. — तुम्ही फाटकात आप्पांना काय म्हणालात? नाही, आठवून सांगा. ‘दर्शनच्या संदर्भात आल्येय’ — एवढंच? पुस्तक म्हणाला नाहीत ना? मग ठीक. ठीक म्हणजे काय, ठीक काहीच नाही, पण ते मग सांगतो.

तुम्ही रागावलात, बरोबर आहे. पण आमच्याकडची रीत सांगतो, मग रागवा. आमच्याकडे बाग मोहोरावर देतात. म्हणजे झाडाला नुसता फुलोरा असतो, आंबा कुठे दिसत पण नाही, आणि ठेकेदार येतो, झाडाखालनं फिरतो, वर बघतो आणि बाग घेतो. पुढे मोहोर जळला, थ्रिप्सची कीड पडली, तर ते त्याचं नशीब. यात कोणी कोणाला फसवत नाही. मला वाटलं, एजंट म्हणजे तसाच माणूस. मी कुठे आयुष्यात पुस्तकाचा एजंट बघितलावता — आमचा एजंट म्हणजे एसटी स्टँडसमोरचा विम्यावाला. तीन प्रकरणं हा मोहोर, बघा आणि घ्या, आंबा धरेल तेव्हा धरेल. पूर्ण झाल्याशिवाय पाठवू नये असं तुमच्या त्या पानावर लिहिलंवतं, मी वाचलंवतं. पण मला वाटलं, असं सगळेच लिहितात.

आणि तुम्हाला आवडली. तिथेच वाट लागली माझी. नऊ वर्षं मी भावावर लिहितोय हे घरात कोणाला माहीत नव्हतं, कमळालासुद्धा नाही. आणि मुंबईची एक बाई लिहित्येय की बापाचं वाट बघणं वाचून झोप लागली नाही. मग तुम्ही विचारलंत, शेवट काय? दोन पानांत कथा लिहून पाठवा, शेवटासकट. — शेवट कुठला, मॅडम? आमचा दर्शन बोटीवरून गेला, माल नेणारी बोट, भर समुद्रात सकाळच्या हजेरीला नव्हता, कंपनीचं पत्र आलं चार ओळींचं. बॉडी नाही, काही नाही. आप्पा म्हणाले, पोरगं पोहणारं आहे, कुठेतरी लागलं असेल किनाऱ्याला. आणि नऊ वर्षं तेच म्हणतायत. विहिरीजवळचं कलम दर्शनने लावलंलं, त्याचा आंबा आप्पा काढू देत नाहीत. तो आला की काढेल. दरवर्षी पिकून खाली पडतो, कुजतो, वास येतो घरापर्यंत. हे तुम्ही वाचलंयत, दुसऱ्या प्रकरणात आहे. पण याला शेवट नाही ना. वाट बघणं आहे नुसतं.

म्हणून मी आपलं लिहून टाकलं — बाप शेवटी मान्य करतो, दर्भाचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ, आणि बाप स्वतःच्या हाताने त्याला अग्नी देतो. आमच्यात करतात असं, माणूस हरवला नि सापडला नाही तर. बारा वर्षं थांबतात, मग करतात. मी लिहिलं आणि विसरलो. तुमचं उत्तर आलं, ‘हा शेवट म्हणजेच ही कादंबरी आहे, शिमग्यापर्यंत सगळी पाठवा.’

तर बसलो लिहायला. रोज सकाळी पंपाच्या खोलीत बसायचो. आणि येईना, मॅडम. नारळ कसा बांधतात, माहीत नाही. आप्पांचा हात कसा जाईल पुढे, डोळ्यांसमोर येईना. दुसरं सगळं मी बघून लिहिलंय, हे बघितलेलं नाही. बारा वर्षांना तीन वर्षं बाकी. आणि तुम्ही शिमग्याला मागितलेली. भटजींना विचारलं सहज, आधी करता येतं का हो? ते म्हणाले, गेल्याची खात्री असेल तर येतं. कोणी बघितलं असेल तर.

तुम्हाला ते मागाहून पाठवलेलं पत्राचं प्रकरण आवडलं ना? दर्शनबरोबर बोटीवर असलेल्या मुलाचं पत्र, अजिंक्यचं — तुम्ही लिहिलंवतंत, ‘हे वाचून रडले.’ ते प्रकरण नव्हतं. ते आधी पत्रच होतं.

हो. मीच. वाशीला आंब्याच्या दलालाकडे गेलोवतो, तिथनं आप्पांच्या नावावर पोस्टात टाकलं, म्हणजे शिक्का तिकडचा पडेल. अजिंक्य नावाचा कोणी नाही. लिहायला एक दुपार लागली फक्त. दोर आवरताना पाय सरकला, मी बघत होतो, एका क्षणात झालं, त्याला त्रास झाला नाही, आजवर सांगायचं धाडस झालं नाही, माफ करा. आणि आदल्या दिवशी दर्शन घरचं बोलत होता, विहिरीजवळच्या कलमाचं बोलत होता. हे कलमाचं घालायलाच हवं होतं. तपशिलाने खरं वाटतं, तुम्हीच म्हणालावतात.

आप्पांनी तीनदा वाचलंनी. मला वाटलं आता कोसळतील. नाही कोसळले. चष्मा काढून ठेवलानी नि म्हणाले, “विनीत, शेवटी आपलं माणूस कोणीतरी त्याच्याजवळ होतं.” बस. दुसऱ्या दिवशी स्वतः भटजींकडे गेले.

मी सगळं बघितलं मग. काही सुटू दिलं नाही. नारळाला सुतळी कशी गुंडाळतात, दर्भाचे हात किती बारके होतात, आप्पा किती पावलं चालले. अग्नी देताना त्यांचा हात नाही थरथरला, मी थरथरेल असं लिहून ठेवलंवतं, तो स्थिर होता, आणि मला — मला बरं वाटलं, मॅडम. कारण ते जास्त चांगलं होतं. लगेच पंपाच्या खोलीमागे गेलो आणि मोबाइलवर टिपून घेतलं. खाली मान घालून उभा होतो, तर पाठीवर हात. आप्पा. त्यांना वाटलं मी रडतोय. ते मला जवळ घेऊन उभे राहिले, राख लागलेल्या हाताने.

त्यानंतर लिहून झालं. आठवड्यात झालं. ते बघा कपाटावर, लाल फाइल. नका, हात नका लावू.

आप्पा तेव्हापासून जेवणाला बसतात आणि उठतात. वाट बघत होते तेव्हा चार माणसांचं काम करायचे, पहाटे कलमांना पाणी, दिवसभर बाग. कोणासाठी ते कळलं आता. आता एकच काम केलंनी. गेल्या आठवड्यात विहिरीजवळचं कलम स्वतः उतरवलंनी. नऊ वर्षांत पहिल्यांदा. झेल्याने, जाळीच्या काठीने, एकेक आंबा, देठासकट. पेंढा घालून पेटी भरलीनी, वर खिळे मारलेनी, आणि काळ्या रंगाने नाव घातलंनी — अजिंक्य. मला रोज विचारतात, पत्ता आला का त्या मुलाचा? मी म्हणतो, बोटीवर असेल. आणि आज तुम्ही फाटकात उभ्या राहून म्हणालात, दर्शनच्या संदर्भात आल्येय. त्यांना वाटतंय तुम्ही त्या अजिंक्यची बहीण. कमळाला सांगून गेलेत, पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडू नको.

मी विचार केलावता तुम्हाला विनंती करू. दोनच वाक्यं बोला म्हणून — भाऊ बरा आहे, तुमची आठवण काढतो. काय म्हणालात?

‘हे पण पुस्तकात यायला हवं’ म्हणताय?

हां. त्या दिवशी मलाही तेच वाटलं. पेटीवर ते रंगाने नाव घालत होते आणि मी दारात उभा राहून बघत होतो, ‘जिं’ला ब्रश कसा अडला ते. हाच खरा शेवट, पुतळ्याचा नाही. त्याचीच भीती वाटत्येय मला. फाइल देत नाही मी, मॅडम. आप्पा आहेत तोपर्यंत नाही. — बघा. म्हणजे आता मी त्यांच्या शेवटाची वाट बघत बसणार. तोंडातून गेलं सहज.

उठा तुम्ही. पन्हं राहू दे. मागच्या दाराने घाटीच्या पायऱ्यांवरून खाली उतरा, ड्रायव्हरला मी फोन करतो, तिकडे गाडी — थांबा.

आले.

आप्पा, पेटी तुम्ही कशाला उचललीत, मला हाक मारायची. द्या इकडे. हो, ह्याच. नाही, थांबत नाहीत, घाई आहे त्यांना. हो, अजिंक्य आहे बरा. — मॅडम, धरा. दोन्ही हातांनी धरा, जड आहे. नाही म्हणू नका. त्याला पोचवते म्हणा. म्हणा आणि जा.