अप्पांचं रंधा मशीन जळलंच नव्हतं

आमचं गाव निपाणीकडचं, पण मला कळतंय तसं मी हितंच, बेंगळुरात, शिवाजीनगरच्या गल्लीत. अप्पा, म्हणजे माझे वडील, सुतार, कामामागं आले आणि हितलेच झाले, घरात मराठी, उंबऱ्याभाईर कन्नड. मला गल्लीत समदी विमलक्का म्हणत्यात. अप्पांच्या गाळ्यात रंधा मशीन हुतं, बिडाचं, म्हशीगत बसलेलं, खडबडीत फळी एका अंगानं घातली की दुसऱ्या अंगानं गुळगुळीत होऊन भाईर. थोरल्या भावाला, अण्णाला, भुश्शानं शिंका यायच्या, तो त्या मशीनपाशी कधी थांबला न्हाई. मी थांबले. पाती दगडावर घासायची मी, पट्टा चढवायची मी, लाकडाची रेघ कुठं पळती बघून फळी घालायची मी. लग्न झालं, मोडलं, ते सोडा, त्यात काय सांगण्यासारखं न्हाई, परत गाळ्यातच आले.

मग अप्पा गेले. दिवस झाल्यावर मी गाळा उघडला, बटण दाबलं, तर मशीन नुसतं घूंऽ करतंय, फिरतच न्हाई. अण्णा मागं उभाच हुता. बंद कर, बंद कर, म्हणाला, मोटर जळली, संपलं आता हे. वर ताडपत्री टाकली, कुलूप घातलं, किल्ली घेऊन गेला व्हाइटफील्डला, तिकडं तो फ्लॅटात प्लायवूडची किचनं बसवायचा. आणि मी? मी दुसऱ्यांच्या कारखान्यात पॉलिश मारत फिरले, काय सांगू तुम्हाला, वर्षानुवर्षं, नखांचा रंग गेला माझ्या. कधी विचारलं की म्हणायचा, जळक्या मशीनची पूजा घालतीस व्हय, बाईमाणसानं घर बघावं.

गेल्या वर्षी त्येला गाळा गोडाऊनला पाहिजे झाला. गुजरीवाल्याला घेऊन आला, म्हणजे भंगारवाला हो, टेम्पोसकट. मी वाटेत उभी राहिले. म्हटलं माझ्या अंगावरनं न्या. गुजरीवालाच बिचारा म्हणाला, स्वल्प तडी अक्का, जरा थांबा, भांडू नका. गल्ली गोळा झाली. तवा अण्णा लोकांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाला, सरी, ठीक हाय, सोमवारपर्यंत चालवून दाखव, गाळा मशीन समदं तुझं, न्हाईतर भंगारात. किल्ली माझ्या पायाशी टाकली. हातात न्हाई दिली, पायाशी.

ताडपत्री काढली तर रडू न्हाई आलं मला, राग आला. पत्रा लाल झालेला, उंदरांनी भुश्शात घर केलेलं. आधी वायर काढून ठेवली. मग पट्टा उतरवला, पात्याचा ड्रम हातानं फिरवून बघितला, हलंना. बेअरिंग गंजून बसलेलं. रॉकेल घालून ठेवलं, ठोकून काढलं, नवीन घातलं. खालचं टेबल वर-खाली करायचा आटा जुन्या ग्रीसनं दगड झालेला, तो खरवडला. पाती घासली, घासताना अण्णाला शिव्या देत हुते, खोटं कशाला बोलू.

मग मोटर. पट्टा काढलेला, तर मोटर हातानं सरळ फिरली, लोण्यागत. मला तवाच शंका आली. शेजारी मोटर वाइंडिंगचं दुकान हाय, रहीमभाईचं, त्येला बोलावलं. त्येनं मीटर लावला, म्हणाला, अक्का, कॉइल चांगली हाय, कोण म्हणालं जळली? मग कंडेन्सरची डबी उघडली, तो मोटरला पहिला धक्का देतो बघा, तो न्हाई तर मोटर नुसती घुमती. डबी रिकामी! तारा पकडीनं तोडलेल्या आणि टोकांना काळी टेप गुंडाळलेली, नीट, निवांत बसून गुंडाळलेली. आता तुम्हीच सांगा, जळलेलं मशीन आपलंच आपण टेप लावून घेतं व्हय? टेप सोडवून मी जपून ठेवली, रहीमभाईनं नवा कंडेन्सर बसवला.

सोमवारी अण्णा आला, टेम्पो घेऊनच आला. मी सरळ मशीनपाशी गेले. बटण दाबलं. पहिल्यांदा अडखळलं, मग जी गर्जना केली, गल्लीतली कबुतरं उडाली. फणसाची फळी घातली, पिवळीधमक भाईर आली. मग मशीन बंद केलं आणि त्या टेपचे तुकडे त्येच्यासमोर धरले. म्हटलं हे कुणी केलं?

खाली बघत म्हणाला, चालू असतं तर तू गाळा सोडला नसतास.

बस्. एवढंच. माफी न्हाई, काही न्हाई. माझं हातपाय चालायचं वय त्येनं डबीतनं काढून नेलं आणि वर मलाच म्हणाला, ओरडू नको, लोक बघालेत. मी ओरडले. पोटभर ओरडले. बघू देत की लोकांना! टेम्पो रिकामा परत गेला.

आता सकाळपासनं मशीन चालतंय, बसवनगुडीपासनं सुतार फळ्या घेऊन येत्यात. आई म्हणती, भाऊबीजेला तरी ओवाळ, रक्ताचा हाय. मी म्हटलं, आई, त्येला देवानं सुखात ठेवावं, लेकराबाळांचं भलं व्हावं, हे मी मनापासनं म्हणते. पण ताट मी धरणार न्हाई. ह्या जन्मात न्हाई.