रणगाड्याचं झाकण

शिझुओकातल्या, जोडायची प्लास्टिकची मॉडेलं विकणाऱ्या दुकानात नात्सुए रंगाची बाटली घेऊन रांगेत उभी होती. पुढच्या म्हाताऱ्यानं दुकानवाल्या बाईंपुढे एक गुबगुबीत रणगाडा ठेवला. आखूड नळीचा, व्यंगचित्रातून उचलल्यासारखा.

“छान जोडलात की, मोचिझुकीसान!”

“छान कसला! वरचं झाकण उघडत नाही.”

“या गमतीच्या रणगाड्यांत ते एकसंधच येतं. कापावं लागेल. आत माणूस बसवायचाय का?”

“नाही. नुसतं उघडं हवंय. शुहेईच्या खोलीत त्यानं केलेले एकोणीस निघाले, सगळे बंद.”

“म्हणजे मुलासाठीच न्यायचात ना हे खोके?”

“अकरा वर्षं. तो खोलीबाहेर येतच नसे, म्हणून दाराबाहेर भाताच्या ताटाशेजारी ठेवायचो. सकाळी दोन्ही आत गेलेली असायची. हा खोका मात्र तीन दिवस तिथंच पडून होता. ताटंही.”

“अगं बाई! मग दार नाही का वाजवायचं?”

“वाजवलेलं त्याला आवडत नसे.”

बाईंनी खणातून बारीक करवत काढली आणि त्याच्या हातात दिली.

“जरा सबुरीनं घ्या हं. घाई केलीत तर तडा जाईल.”

“सबुरीनंच घेतलं हो. अकरा वर्षं सबुरीनंच घेतलं.”