नाळ कोणी कापली?

जालन्याच्या पिठाच्या गिरणीवर त्या दिवशी झुंबड होती. राजूरची गोजरबाई सुईण गव्हाचं गठुडं मांडीवर घेऊन बसली होती. पुढं ख्रिस्ती सासू-सुना बोलत होत्या आणि गोजरबाईचे कान तिकडंच लागले होते.

“आत्याबाई, परवा पोरांना करंज्या आधी देऊ का? किती येळ थांबतील बिचारी?”

“बिलकुल न्हाई. नाताळाला आधी येशूचा जन्म सांगायचा, मंग करंजी. यंदा सांगायची पाळी तुझी. म्हण बघू.”

“परगावात मरीयेला कळा सुटल्या. कुठंच जागा मिळाली न्हाई. गोठ्यात बाळ झालं. फडक्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं.”

“बराबर.”

“आन् नाळ कुणी कापली?” गोजरबाईला राहवलं नाही.

“शास्त्रात तसं लिवलेलं न्हाई, बाई.”

“लिवणारे बापे असतील. मी सुईण हाये, म्हणून इचारलं.”

सासू तिच्याकडं वळून बसली.

“परवा या आमच्या घरी. पोरांनाबी हेच इचारा. पण आमच्या वस्तीत याल का? पाणी घ्याल?”

“बाळंतिणीच्या घरी जायला सुईण कधी मागंपुढं पाहती का? येते. पाणी तेवढं तापवून ठेवा.”